ठिपक्यांची वही

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



गाळप हंगाम आटोपला की आमच्या विभागाचा लेख म्हणजे खोडव्याचा, हे आता आपणां सर्वांना पाठ झाले आहे. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, खत पहारीने द्या, हे आम्ही दरसाल लिहितो आणि आपण दरसाल वाचता. वाचून झाल्यावर कित्येकजण पाचट पेटवतात, तो भाग निराळा! या वेळी मात्र संपादक मंडळाने आम्हांला घरातील छंद व हस्तकला या विषयावर लिहावयास सांगितले. हा विषय आमच्याकडे कसा, असे विचारता उत्तर मिळाले, "बैठकीत तुम्ही कागदावर काय काढत बसता ते आम्ही पाहिलेले आहे." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. म्हणून लेखणी हाती घेतली. खोडव्याचा लेख पुढील अंकी येईलच.

रेघोट्यांचा गुन्हा

नोकरीच्या सुरुवातीस आम्ही गट कार्यालयात होतो. महिन्याची बैठक तीन-तीन तास चाले. नोंद किती, लागण किती, वसुली किती, आकड्यांमागून आकडे. अशा वेळी हातातील पेन्सिल आपोआप चालू लागे. आधी कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका, शेजारी दुसरा, त्यांच्याभोवती वळसा, वळशाला पाकळी. बैठक संपेतो समासात वेल चढलेली असे. एकदा गडबडीत असाच समास रंगवलेला ऊसनोंदीचा तक्ता वरच्या कार्यालयात गेला. तेथील वरिष्ठांनी त्यावर लाल शाईने शेरा मारला, "हे नोंदीचे पत्रक आहे की लग्नाची पत्रिका?" शेरा रास्तच होता. आम्ही रात्री बसून तक्ता पुन्हा लिहून काढला. सवय मात्र गेली नाही.

अशा रेघोट्या म्हणजे लक्ष नसल्याचा पुरावा, असे आम्हांलाही वाटे. पण इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठातील जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस माणसांना दूरध्वनीवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरील आकृत्या पेन्सिलीने भरावयास सांगितले, बाकीचे नुसते ऐकत बसले. मागाहून विचारता, आकृत्या भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवले. मन पार भरकटू नये म्हणून हाताला थोडेसे काम पुरते, असा त्यांचा तर्क. अर्थात निरोप रटाळ होता हे लक्षात ठेवावे. आमच्या बैठकीलाही हे लागू पडते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

रेघोट्यांतून माणूस कोठवर जातो याचा मोठा दाखला म्हणजे रवींद्रनाथ टागोर. १९२४ साली ते अर्जेंटिनात मुक्कामाला होते. 'पूरबी' या संग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांस जोडत आणि त्यांतून पक्षी, चेहरे, वेली उमटत. व्हिक्टोरिया ओकाम्पो या त्यांच्या यजमानीण बाईंच्या ते नजरेस आले. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. सुरुवात कशाने, तर खाडाखोडीने.

अलीकडे अमेरिकेत रिक रॉबर्ट्स व मारिया थॉमस या दोघांनी 'झेनटँगल' नावाची पद्धत बसवली. साडेतीन इंच चौरस जाड कागद, काळे पेन, खोडरबर घ्यायचाच नाही. एकाशेजारी एक लहान नक्षी भरत जायची. चुकली रेघ तर तिच्यातूनच पुढची नक्षी काढायची. हे वाचले आणि आम्हांला हसू आले. सारवलेल्या अंगणात, चिमटीत पांढरी भुकटी धरून, खोडरबराशिवाय आपल्या आयाबाया रोज सकाळी दुसरे काय करीत आल्या?

मोकळी ओळ कशापायी?

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. जोडओळ पट्टा पद्धत आमच्या गटात नवी होती तेव्हाची. मारुतीच्या देवळात सभा घेतली, फळ्यावर आकृती काढली. मध्यम जमिनीत अडीच-पाच फूट, भारी जमिनीत तीन-सहा फूट. म्हणजे अडीच वा तीन फुटांवर सऱ्या पाडायच्या, दोन सऱ्यांत लागण करायची, तिसरी रिकामी सोडायची. वारा खेळतो, ऊन बुडापर्यंत पोचते, पट्ट्यात हरभरा, भुईमूग, कांदा घेता येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला. आम्ही खुशीत परत आलो.

आठवड्याने शेतावर जाऊन बघतो तो तिन्ही सऱ्या भरलेल्या! मालक म्हणाले, "सायेब, बायकांस्नी सांगितलं व्हतं, पर त्यांच्या ध्यानात ऱ्हाईना. आन् खरं सांगू का, रिकामी सरी बघून माजा बी जीव वरखाली व्हतोय." चूक आमचीच होती. टिपरी मांडतात बायका, आणि सभेला बोलावले होते पुरुषांना.

दुसऱ्या शेतावर लागण चालू होती. तेथे टोळीतल्या सर्वांत वडील बाईंना आम्ही बांधावर बसून सगळे पुन्हा समजावू लागलो. फूट, इंच, पट्टा. त्यांनी थोडे ऐकून घेतले. मग खाली बसून बोटाने ओल्या मातीत ठिपके टोचत गेल्या. दोन ओळी ठिपके, एक ओळ मोकळी, पुन्हा दोन ओळी.

"आसंच न्हवं?"

"असंच, मावशी."

"मग फूट कशाला सांगतोस लेकरा? दारात आमी ह्येच काढतो की. मधली वळ सोडल्याबिगार येल कुठनं जायचा?"

मोकळी ओळ का सोडायची याचे इतके थोडक्यात उत्तर आम्हांला पदविकेच्या वर्गात मिळाले नव्हते. त्या दिवशी त्या शेतात एकही सरी चुकली नाही. तेव्हापासून लागणीच्या प्रात्यक्षिकाला आम्ही फळा नेत नाही. रांगोळीची पुडी नेतो, आणि ठिपके बायकांनाच घालायला सांगतो.

वही

इतके असूनही आमच्या हातून पुढे जे घडले ते येथे लिहिणे भाग आहे.

आमच्या मातोश्री चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्याजवळ चौकटीची, गणिताची, दोनशे पानी एक वही होती. पानागणिक एक नक्षी. खाली ठिपक्यांचा हिशोब, '७ ते ४', '११ ते ६', '९ ओळी ९ ठिपके'. आणि जिच्याकडून ती नक्षी मिळाली तिची खूण. नाव बहुधा नसेच. 'विहिरीजवळची', 'आक्काच्या जावेची', 'यात्रेत बघितलेली', 'एस.टी. स्टँडवरच्या बाईची'. चैत्रात काढायचे चैत्रांगण, चातुर्मासात गाईच्या पावलांची तेहतीस गोपद्मे, ज्ञानकमळ, कासव, तुळशीवृंदावन, सगळे त्यात होते. शेवटची काही पाने तर क्रोशाच्या रुमालांची होती. ठिपक्यांच्या जागी टाके मोजलेले, एवढाच फरक.

तरुण वाचकांसाठी '७ ते ४' म्हणजे काय ते सांगतो. मधली ओळ सात ठिपक्यांची. तिच्या वर, खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध एकेक येईल असे, सहा ठिपके. त्यावर पाच, त्यावर चार. खालच्या अंगालाही तसेच. एकूण ३७ ठिपके आणि सहा कोनांची आकृती. फळबागेत षट्कोन पद्धत म्हणून आपण जी लागवड करतो ती हीच मांडणी. चौरस पद्धतीपेक्षा तेवढ्याच जमिनीत सुमारे १५ टक्के झाडे जास्त बसतात. पदविकेच्या परीक्षेत ती आम्हांला सोपी गेली, कारण ती आम्ही दारात उकिडवे बसून आधीच शिकलो होतो.

२०११ साली जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधावयास घेतले. सामान हलवताना माळ्यावरची सगळी जुनी कागदपत्रे आम्ही रद्दीवाल्याला घातली. वजनकाट्यावर वही आम्ही स्वतः ठेवली. हातात घेतली तेव्हा उघडूनही पाहिली होती, हे कबूल करतो. पाने पिवळी पडली होती, कडेला कसर लागली होती. जोडओळ पट्टा पद्धतीच्या घडीपत्रिका, त्याच त्या, पन्नास-साठ होत्या. त्या मात्र जपून नव्या घरात नेल्या.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मातोश्रींनी वही मागितली. आम्ही खरे ते सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जाऊ दे. वही गेली तर गेली, हात हाय न्हवं माझा." दुसऱ्या दिवशी दारात त्यांनी अकरा ते सहाची कमळे काढली. नवी फरशी गुळगुळीत, त्यावर रांगोळी ठरेना, तरी काढली.

२०१८ साली त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणे पुढे सहा महिन्यांत बरेचसे आले. हात आला नाही.

ताटातली ज्वारी

पहिले वर्ष तर औषधपाण्यातच गेले. पुढे एका दिवाळीत आमच्या कन्येने आजीजवळ हट्ट धरला की दारातली रांगोळी तू सांग, मी काढते. सांगणे जमेना. बोलताना आकडे मागेपुढे होत. तेव्हा मातोश्रींनी डाव्या हाताने खूण करून ज्वारी मागितली. ताटात एकेक दाणा मांडू लागल्या. सात, सहा, पाच, चार. ताट हलले की दाणे विस्कटत, पुन्हा मांडायच्या. मग बोटाने हवेत रेघ दाखवायच्या, आणि नात कागदावर उतरून घ्यायची. एका नक्षीला कधी अर्धा तास, कधी तीन दिवस. 'न्हाय, आशी न्हवती' म्हणून कित्येक पाने फाडली गेली. पण बसता बसता ताट आणि वही रोजची झाली. आजवर एकसष्ट नक्ष्या परत आल्या आहेत. जुन्या वहीत किती होत्या हे त्याही सांगू शकत नाहीत.

हे चालू असता कन्येने एक प्रश्न काढला. आपल्याकडच्या रांगोळीत बहुधा ठिपके जोडतात, पण कर्नाटक-तामिळनाडूकडच्या काही नक्ष्यांत रेघ ठिपक्यांना शिवत नाही, त्यांच्या मधून वळसे घेत जाते. तामिळनाडूत तिला कोलम म्हणतात. अशा एखाद्या नक्षीत एकच रेघ सगळीकडे फिरून जागेवर परत येते, दुसरीत मात्र दोन-तीन निरनिराळ्या रेघा लागतात. असे का?

आम्ही शोध घेतला तेव्हा समजले, की याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, त्यांच्या पत्नी रानी सिरोमनी व कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमवर शोधनिबंध लिहिला. बायका दारात काढतात त्या नक्षीमागचे नियम संगणकाच्या भाषेत मांडता येतात, असे त्यांनी दाखवले. तिकडे आफ्रिकेतील अंगोलात चोक्वे लोक वाळूत ठिपके टोचून, बोट न उचलता रेघ फिरवतात व तिच्यावरून गोष्ट सांगतात. त्या नक्ष्यांना 'सोना' म्हणतात. तेथे हे काम जाणत्या पुरुषांचे. मोझांबिकमधील गणिती पाउलस गेर्डेस यांनी त्यांवर पुस्तके लिहिली. आमच्या कन्येचे उत्तर त्यांत सापडले, आणि ते सातवीच्या गणितात बसते.

आपणही करून पाहा. चौकटीत ठिपके घाला, समजा ३ ओळी, दर ओळीत ४ ठिपके. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून तिरकी रेघ काढा व तशीच तिरकी पुढे न्या. कडेच्या ठिपक्याच्या बाहेर पोचली की त्याला वळसा घालून तिरकीच आत आणा. कोठे थांबू नका. आता ओळींची संख्या आणि ओळीतील ठिपक्यांची संख्या यांचा मसावि काढा. जितका मसावि, तितक्या रेघा. ३ आणि ४ यांचा मसावि १, म्हणून एकच रेघ सगळ्या ठिपक्यांना घर देऊन परत येते. ४ आणि ६ घेतले तर मसावि २, म्हणून दोन रेघा. ५ आणि ५ घेतले तर पाच. घरात सातवी-आठवीचे मूल असेल तर त्याला हे द्या. मसावि म्हणजे काय हे ते पुन्हा विसरणार नाही.

आम्ही हे मोठ्या उत्साहाने मातोश्रींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व म्हणाल्या, "येक कमी नायतर येक जास्त घ्यायचा म्हंजी सुटत न्हाय रेघ. आमास्नी ठाव हाय." शेजारच्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १ असतो, हेच त्या सांगत होत्या.

सुई, दोरा आणि घायपात

नक्षी काही अंगणातच असते असे नाही. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ घ्या. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर पसरून कडेने धावदोरा घालायला सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन करीत आत आत येतात. मध्यावर शेवटचा टाका. त्या टाक्यांचे अंतर पट्टीने मोजलेले नसते, तरी सगळीकडे सारखे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाचे लहान 'फूल' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

पुरुष मंडळींनी हे सर्व बायकांचे म्हणून पान उलटू नये. बेंदराच्या आधी घायपाताचे वाख काढून झाडाखाली कासरे, दावी, म्होरक्या वळत बसणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. म्होरकीच्या गाठींतही नक्षी असे, आणि गाठ पाहून ती कोणी वळली हे सांगणारे जाणकार होते. आता बैल कमी झाले आणि नायलॉनची तयार म्होरकी बाजारात मिळते. त्यात वाईट काही नाही, तिने बैल बांधला जातो. फक्त ती गाठ कशी मारायची हे विचारायला आता माणूस शोधावा लागतो.

कागदावर उतरले ते टिकले, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. लग्न झाले, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी त्या भागात जाऊन या लोकांना कागद दिला. त्यातूनच जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा कलावंत जगापुढे आला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. भिंतीवरच राहिले असते तर ते काम त्यांच्या पाड्याबाहेर किती जणांनी पाहिले असते?

कोपीपुढची कासवे

शेवटची गोष्ट गेल्या दिवाळीतली. ऊसतोड टोळ्या नुकत्याच आल्या होत्या. आपण घरात फराळ करतो तेव्हा ही माणसे घरदार सोडून आपल्या फडात असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. पाडव्याच्या सकाळी आम्ही तोडणीचे नियोजन पाहण्यासाठी अड्ड्यावर गेलो. एका कोपीपुढे चार हात जागा सारवून रांगोळी काढलेली होती. रांगोळीची पूड नव्हती, चुलीतली पांढरी राख चाळून घेतली होती. आठ कासवे, गोल फेर धरून, एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीला. आम्ही तेथेच थांबलो. ही नक्षी आम्ही लहानपणी आमच्या दारात पाहिली होती. जुन्या वहीत ती 'आत्याची' म्हणून होती, आणि परत आलेल्या एकसष्टांत ती नव्हती. कितीदा ज्वारी मांडूनही मातोश्रींना तिचे ठिपके जुळले नव्हते.

काढणारी बाई विशी-बाविशीची, काखेत लहान मूल. कोठून शिकलीस बाई, असे विचारता म्हणाली, "आमच्यात काढत्यात." यापुढे तिला सांगण्यासारखे काही नव्हते. ठिपके किती, हे मात्र तिने जमिनीवर पुन्हा मांडून दाखवले. आम्ही ऊसतोडीच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूस उतरून घेतले. भ्रमणध्वनीवर छायाचित्रही घेतले.

संध्याकाळी ते मातोश्रींना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. वाटले की ओळख पटली नाही. मग डावे बोट काचेवर ठेवून म्हणाल्या, "हितं दोन ठिपकं सोडल्यात पोरीनं. आत्याच्यात हितं पिल्लू व्हतं." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा अड्ड्यावर गेलो, तर टोळी पुढच्या फडाला हलली होती. जागा सारवलेली तेवढी दिसत होती, राख वाऱ्याने गेली होती. चार दिवसांनी गाठ पडली तेव्हा पिल्लाचा निरोप पोचवला. ती हसली आणि म्हणाली, "आजीस्नी म्हणावं, पुढल्या साली काढंन."

वहीतले बासष्टावे पान ते. खूण म्हणून कन्येने खाली लिहिले आहे, 'आत्याची आणि कोपीवरची'.

आपण काय करावे

लेख लांबला, तरी चार कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. आमचा धंदाच तो आहे.

वही चौकटीची घ्यावी, पुठ्ठा जाड असावा. एका पानावर एकच नक्षी. आधी ठिपक्यांची नुसती मांडणी, तिच्याशेजारी पुरी झालेली नक्षी, कारण नुसत्या पुऱ्या नक्षीवरून ठिपके पुन्हा शोधणे फार जड जाते. रेघ कोठून सुरू होते तेथे बाण करावा. पेन्सिलीने काढून मग शाईने गिरवावे. कोणाकडून मिळाली ती खूण जरूर लिहावी. सणावाराची असेल तर तो सणही लिहावा. गोधडीची, क्रोशाची, म्होरकीच्या गाठीची नक्षी असेल तर तीही चालेल, टाके व पीळ मोजून लिहावेत. कसर लागू नये म्हणून वहीत कडुलिंबाचा वाळला पाला ठेवावा. आणि घरात आजी, आत्या, मावशी असतील तर त्यांच्याकडून हात चालतो आहे तोवरच उतरून घ्यावे. दारात छाप मारायचा की चिकटपट्टीची रांगोळी लावायची, ही ज्याच्या त्याच्या सवडीची गोष्ट आहे. कोणी सकाळी सहाला डबा करून कामावर जाणारी असेल तर तिला आम्ही दोष देत नाही. वही मात्र घरात असू द्यावी.

ज्या भगिनींजवळ अशी जुनी वही असेल त्यांनी ती आपल्या गट कार्यालयात आमच्या नावे आणून दाखवावी. आम्ही समक्ष पाने उतरवून घेऊ आणि वही त्याच दिवशी, त्याच हाती परत देऊ. ठेवून घेणार नाही. वहीच्या बाबतीत आमच्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे ते वर लिहिलेच आहे. म्हणून सोबत कन्येला आणीत जाऊ. उतरून घेण्याचे काम तीच करील.

पुढील अंकी खोडवा व्यवस्थापन. तोवर पाचट जाळू नये, ही नम्र विनंती.

जय सहकार!